वाचकांचे प्रश्न : हिप्पींचा काळ आणि विरोधाचा वारसा

प्रश्न : १९७० च्या सुमारास मी सांगलीत महाविद्यालयात शिकत होतो. गोव्याच्या मीटरगेज गाडीसाठी मिरज स्थानकावर थांबलेले लांब केसांचे, अनवाणी परदेशी तरुण आम्ही कुतूहलाने पाहत असू. आम्हीही केस वाढवले आणि घरी बोलणी खाल्ली. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या दिवसांची फार आठवण येते आणि वाटते, की सत्तेला ‘नाही’ म्हणण्याची ती धमक आजच्या तरुणांत उरलेली नाही. ही केवळ उतारवयातली हळहळ आहे, की त्या काळात खरोखरच काही वेगळे होते?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वेगळे नक्कीच होते, परंतु आपल्या आठवणीत दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मिरजेला आपण पाहिलेले तरुण, म्हणजे हिप्पी, बहुतांशी वाटसरू होते. इस्तंबूलहून तेहरान, काबूल, पेशावर असा खुश्कीचा मार्ग धरून ते दिल्लीला येत आणि तेथून कोणी काठमांडूला, तर कोणी कळंगुट-हणजुण्याच्या किनाऱ्यावर जात. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि हा मार्ग मोडला. सुखवस्तू घरांतल्या वस्तूंच्या हव्यासाचा या मुलांना वीट आला होता व तो त्यांनी घर सोडून व्यक्त केला. घर सोडणे हाही एक नकारच आहे, आणि त्याला मी कमी लेखणार नाही. मात्र सत्तेसमोर उभे राहून ‘नाही’ म्हणणारे बरेचसे लोक आपापल्या गावी आणि विद्यापीठांतच राहिले होते, आणि त्याची किंमतही त्यांनी तेथेच मोजली. अमेरिकन मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची सैन्यभरती नाकारली, तेव्हा त्यांचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले आणि ऐन उमेदीची तीनहून अधिक वर्षे त्यांना खेळाबाहेर काढावी लागली. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले.

आपण ज्या धमकेची आठवण काढता ती ही आहे, आणि तिचा शोध घ्यायला फार लांब जावे लागत नाही. कराडहून इस्लामपूरकडे येताना महामार्गावर कासेगाव लागते. तेथे पुढे स्थायिक झालेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांचा जन्म १९४१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे झाला; कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात शिकत असताना त्या युद्धविरोधी आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळींत होत्या. हिप्पींचे माहेरघर मानले गेलेले सॅन फ्रान्सिस्को तेथून खाडी ओलांडली की येते. तरीही त्यांनी निवडलेली वाट वेगळी होती. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळ यांच्या अभ्यासासाठी त्या महाराष्ट्रात आल्या, चळवळीतले कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह करून कासेगावच्या झाल्या, १९८३ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधनही कासेगावातच झाले. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर यांनी तरुणपणी इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या लढ्यात भाग घेतला होता आणि पुढे त्या परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांसाठी लढल्या. बर्कलीचा विरोध आणि साताऱ्याचा विरोध एकाच घरात सासू-सून म्हणून नांदले, ही गोष्ट मला आपल्या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते.

त्या घरातून उभे राहिलेले कामही पाहण्याजोगे आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरणी कामगार खानापूर तालुक्यातील आपल्या दुष्काळी गावांत परतले, त्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ वाढली, आणि येरळेच्या पात्रातील वाळू ठेकेदारांनी नेण्याऐवजी गावानेच ती विकून त्या पैशांतून धरण बांधावे, अशी मागणी पुढे आली. सरकारी परवानगीसाठी झगडून लोकांनी श्रमदानासह बांधलेले बळीराजा धरण बलवडीजवळ उभे आहे, आणि त्याच्या पाण्यावर भूमिहीनांचाही वाटा असावा, हे तत्त्व तेथे आग्रहाने मांडले गेले. पुढे १९९३ पासून आटपाडीकडच्या दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपासाठी जी आंदोलने झाली, त्यांत आपण ज्यांना निरुत्साही म्हणता त्या वयाची मुलेमुलीही सामील झालेली आहेत. त्यांचे केस लांब नसल्यामुळे ती आपल्या नजरेत भरली नसावीत.

शिवाय आपल्याकडची ही परंपरा हिप्पींच्या आधीची आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता तेव्हा, १९४३ ते १९४६ या काळात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने इंग्रजांचे राज्य झुगारून गावोगाव न्यायदान मंडळे चालवली आणि हुंडा व वाजंत्री टाळून साध्या पद्धतीने लग्ने लावली. आपण तरुण होता त्याच काळात, १९७२ मध्ये, दलित पँथर स्थापन झाली; तिच्या संस्थापकांपैकी राजा ढाले हे आपल्याच जिल्ह्यातील नांद्रे गावचे. मिरज स्थानकाची आठवण आपण जरूर जपावी, परंतु तिच्या शेजारी नांद्रे आणि कासेगाव यांनाही जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : माझे आजोबा म्हणतात, हिप्पी म्हणजे गांजा ओढून पडणारी माणसे. मी वाचले आहे, की त्यांनी व्हिएतनामचे युद्ध थांबवले. खरे काय?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुमच्या आजोबांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात इतकी तरुण मुले लोटली, की जूनमध्ये तेथे मोफत दवाखाना सुरू झाला आणि नशेने आजारी पडलेल्यांवर तेथे उपचार होऊ लागले. ६ ऑक्टोबरला तर तिथल्याच लोकांनी शवपेटी मिरवून ‘हिप्पीचा अंत्यविधी’ केला, कारण वृत्तपत्रांनी रंगवलेल्या त्या प्रतिमेचा त्यांनाच उबग आला होता. पंडित रविशंकर यांनाही त्या पिढीने डोक्यावर घेतले, परंतु नशेत संगीत ऐकण्याला त्यांनी उघडपणे विरोध केला आणि १९६७ च्या माँटेरे संगीत महोत्सवात श्रोत्यांना धूम्रपान न करण्याची विनंती केली. तंतुवाद्यांच्या मिरजेपासून जवळ राहणाऱ्या तुम्हाला त्यांचे दुःख समजेल.

युद्धाबद्दल मात्र श्रेय वाटून द्यावे लागते. सर्वांत मोठा वाटा व्हिएतनामी जनतेचा, कारण ती हटली नाही. त्यानंतर ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूने हादरलेल्या कुटुंबांचा, सैन्यातच वाढलेल्या असंतोषाचा आणि रस्त्यावर उतरलेल्या लाखोंचा. त्या लाखोंत हिप्पीही होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयासमोर सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुले खोवली गेली, तो प्रसंग त्यांच्या विरोधाच्या रीतीला साजेसाच होता. चळवळीच्या दबावाची दोन फळे सरळ दाखवता येतात : १९७१ मध्ये अमेरिकेत मतदानाचे वय १८ झाले, कारण लढायला पाठवता येणाऱ्या मुलाला मत का नाही, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हते, आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. भारतात तुम्हाला अठराव्या वर्षी मत देता येते ते मात्र ६१ व्या घटनादुरुस्तीमुळे, १९८९ पासून.

प्रश्न : वर्तुळात तीन रेघा असलेले शांततेचे चिन्ह हिप्पींनीच तयार केले का?
— एक वाचक, वाई

उत्तर : नाही. ब्रिटिश कलाकार जेराल्ड होल्टम यांनी ते १९५८ मध्ये अण्वस्त्रांविरोधात लंडनहून ऑल्डरमास्टनला निघालेल्या मोर्चासाठी रेखाटले. निशाणे हलवून संदेश देण्याच्या पद्धतीतील ‘एन’ आणि ‘डी’ ही अक्षरे, म्हणजे ‘न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’ची आद्याक्षरे, त्यात एकमेकांवर बसवलेली आहेत. त्यावर कोणी मालकी हक्क घेतला नाही, म्हणून ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले आणि हिप्पींच्या नावाने ओळखले जाऊ लागले.