‘हे खरे आहे काय?’ ते ‘प्रश्न उद्भवत नाही’

अधिवेशनाच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. आमदार-खासदार मंत्र्यांना जाब विचारतात म्हणजे नेमके काय करतात, हाच बहुतेकांचा रोख आहे. त्यातले पाच प्रश्न घेत आहोत.

ऊस घालून तीन महिने झाले, कारखान्याने बिल काढलेले नाही. खासदारांकडे जायचे की आमदारांकडे? (ऊस उत्पादक, माळशिरस तालुका)

आमदारांकडे. एफआरपी म्हणजे उसाचा किमान रास्त दर केंद्र सरकार ठरवते. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचे, हा नियमही केंद्राच्याच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. वसुली मात्र राज्याच्या हातात. पुण्याचे साखर आयुक्त आरआरसी म्हणजे महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात आणि पुढची वसुली जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. त्यामुळे एका कारखान्याच्या थकबाकीचा प्रश्न लोकसभेत दिला, तर हा राज्याचा विषय म्हणून तो अडकण्याचीच शक्यता जास्त. एफआरपीचा दर, निर्यात, इथेनॉल, साखरेची किमान विक्री किंमत हे खासदारांचे विषय.

आमदारांना पत्र देताना ‘थकबाकी मिळवून द्या’ एवढेच लिहून थांबू नका. आरआरसी कोणत्या तारखेला निघाली, त्यानंतर प्रत्यक्ष किती रक्कम वसूल झाली आणि १४ दिवसांनंतरचे व्याज किती शेतकऱ्यांना दिले, हे तीन मुद्दे लिहून द्या. मंत्री अडचणीत येतात ते बहुधा व्याजाच्या मुद्द्यावर, कारण मूळ रक्कम दिली गेली की व्याजाचे नाव कुणी काढत नाही.

आमच्या भागाच्या पाण्याबद्दल आमदारांनी प्रश्न विचारला. उत्तर आले, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. नळ कोरडा असताना असे उत्तर देता येते? (गृहिणी, सोलापूर शहर)

देता येते, आणि दोष पुष्कळदा प्रश्नाच्या शब्दांत असतो. विधिमंडळातला प्रश्न ठरावीक साच्यात येतो. मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक घडले हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आता पहिल्या भागात ‘शहराला पाच दिवसांआड पाणी मिळते हे खरे आहे काय’ असे लिहिले आणि काही पेठांत ते चार दिवसांआड येत असले, तर ‘हे खरे नाही’ हे उत्तर अक्षरशः बरोबर ठरते. पहिला भाग पडला की बाकीच्या तिन्ही भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून फाईल बंद.

याचे सर्वांत मोठे उदाहरण संसदेतलेच आहे. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटींच्या आसपास रकमेला घेतले. सप्टेंबरात खासदार रामसुभग सिंह यांनी लोकसभेत विचारले, की कानपूरला मुख्य कार्यालय असलेल्या एका खासगी उद्योगात महामंडळाने एक कोटी गुंतवले हे खरे आहे काय? तसे गुंतवलेले नाहीत, असे उत्तर मिळाले. शब्दांपुरते ते खरे होते, कारण पैसा एका कंपनीत नव्हे, अनेक कंपन्यांत गेला होता. नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न आला, आणि १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी सभागृहात व्यवहाराचा तपशीलच मांडला. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या प्रश्नात ‘एका खासगी उद्योगात’ हे शब्द नसते, तर ती पळवाटही राहिली नसती.

म्हणून खरे-खोटे ठरवायला लावणारा आकडा पहिल्या भागात घालू नये, आकडा मंत्र्यांकडूनच काढून घ्यावा. ‘१ एप्रिल ते ३१ मे या काळात शहरातील प्रत्येक झोनला किती दिवस व किती तास पाणी देण्यात आले’ याला ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही. उजनी धरणातून उचललेले पाणी आणि शहरात पोचलेले पाणी यांचे आकडेही वेगवेगळे मागावेत. गळती या दोन आकड्यांच्या मध्ये असते.

आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. ते आपल्याच मंत्र्याला प्रश्न विचारतील का? (शिक्षक, बार्शी)

विचारू शकतात आणि विचारलाच पाहिजे. मंत्री नसलेल्या प्रत्येक सदस्याचा तो हक्क आहे. फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते, शिवाय पंतप्रधानांचे जावई. आणि विरोधात राहूनही मोठे काम होते. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून गेलेल्या गणपतराव देशमुखांची कारकीर्द बहुतांशी विरोधी बाकांवरच गेली.

तारांकित आणि अतारांकित यांत चांगला कुठला? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, पंढरपूर)

काय हवे आहे त्यावर ठरते. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात आणि नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. पण ११ ते १२ या तासात वीसपैकी मोजकेच प्रश्न होतात, उरलेल्यांची उत्तरे लेखीच मिळतात. तालुकावार, वर्षवार आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा, त्याच्या लेखी उत्तरासोबत तक्ता जोडून येतो.

आमच्या मते खरी परीक्षा उपप्रश्नाची. तिथे भाषण केले की संधी गेली. सदस्य पाच वाक्ये बोलला, तर त्यातल्या सर्वांत सोप्या वाक्याला उत्तर देऊन मंत्री खाली बसतात. तक्त्यातला एकच आकडा धरावा, एकच वाक्य विचारावे आणि उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा तारीख यांपैकी एक यावे असे विचारावे. मंत्र्याने चुकीची माहिती दिली तर लगेच हक्कभंग म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो, कारण सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावे लागते. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली चूक आधी लेखी कळवता येते. मंत्र्याला दुरुस्ती करावी लागली, तर ती कामकाजात नोंदली जाते.

‘तपासून घेतो’, ‘विचाराधीन आहे’ असे मंत्री म्हणतात. पुढे काय होते? (यंत्रमाग कामगार, सोलापूर)

असे शब्द आश्वासन म्हणून नोंदवले जातात. संसदेत ते पूर्ण करायला तीन महिने मिळतात, त्यानंतर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. लोकसभेप्रमाणे आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती असते आणि ती खात्याच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. अडचण अशी की एकदा अधिवेशन संपले की मतदारसंघातून कुणी आठवण करून देत नाही. तुमच्या कामाचे आश्वासन मिळाले असेल तर त्या दिवसाच्या कामकाजातून मंत्र्यांचे नेमके वाक्य उतरवून घ्या. त्यावर तारीख आणि प्रश्न क्रमांक घाला आणि हे एका पानाचे पत्र आमदारांना द्या, त्याची प्रत समितीच्या अध्यक्षांच्या नावे विधानमंडळ सचिवालयाला पाठवा. वर्तमानपत्राचे कात्रण जोडून भागत नाही. समितीत ग्राह्य धरतात ते कामकाजात छापलेले वाक्य.