वारसा क्षेत्र, घरे आणि रस्त्याची पातळी

प्रश्न : आमच्या शहरातील जुन्या वस्तीला वारसा क्षेत्राचा दर्जा देण्याचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला आहे. त्यामुळे तेथे नवी घरे बांधता येणार नाहीत आणि घरांची टंचाई वाढेल, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. जतन आणि घरे यांपैकी एकच निवडावे लागते का?

उत्तर : काही प्रमाणात निवड करावी लागते, हे आधीच मान्य केलेले बरे. ज्या भूखंडावर दुमजली जुनी इमारत कायम ठेवायची, त्याच भूखंडावर बारा मजली इमारत उभी राहू शकत नाही. शिवाय वारसा क्षेत्राची हद्द सैल हाताने आखली, तर रिकाम्या जागा, पत्र्याची गोदामे आणि वाहनतळ असे जतनमूल्य नसलेले भूखंडही तिच्यात अडकून पडतात. म्हणून प्रस्तावाचा मजकूर वाचण्यापूर्वी त्याला जोडलेला नकाशा पाहावा आणि हद्दीतील प्रत्येक इमारतीची स्वतंत्र नोंद झाली आहे का, हे तपासावे. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींची श्रेणीवार यादी असते. तेथे सर्वोच्च श्रेणीत एकूण नोंदींपैकी जेमतेम २.५ टक्के इमारती येतात, तर नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती दुसऱ्या श्रेणीत असतात. फेरबदलांना संमती सर्वच श्रेणींत घ्यावी लागते. मात्र कोणता बदल चालेल, हे त्या इमारतीचे महत्त्व नेमके कशात आहे यावरून ठरते. अशी नोंद नसलेले वारसा क्षेत्र घोषित करणे म्हणजे पुढचे सारे वाद आजच ओढवून घेणे होय.

आता दुसरी बाजू. ‘नवी घरे’ मोजताना पाडली जाणारी घरे वजा केली जात आहेत का, हा प्रश्न सभागृहात फारच क्वचित विचारला जातो. जुन्या वस्तीत बहुधा शहरातील सर्वांत कमी भाड्याची घरे असतात. ती पाडून तेथे दुप्पट सदनिका उभ्या राहिल्या, तरी मूळ रहिवाशांना त्या परवडतीलच असे नाही. अशा वेळी आकडा वाढतो, पण ज्यांना घराची गरज होती ते कुटुंब शहराच्या कडेला जाते. मात्र केवळ जतनाचा दर्जा दिल्यानेही हे टळत नाही. दर्शनी भाग सुंदर झाला की भाडी वाढतात आणि तीच माणसे तेवढ्याच निश्चितपणे बाहेर पडतात. माझ्या मते आपल्या नगर परिषदेच्या प्रस्तावातील खरी उणीव शोधायची ती येथेच.

इटलीतील बोलोन्या शहराने १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाला थेट हात घातला. सार्वजनिक गृहनिर्माणाचा निधी केवळ शहराबाहेरच्या नव्या वसाहतींवर खर्च न करता त्याचा काही भाग ऐतिहासिक मध्यवस्तीतील जुनी घरे दुरुस्त करण्याकडे वळवावा, असे तेथील नगरपालिकेने ठरवले. सुरुवातीला सक्तीच्या भूसंपादनाचा विचार होता. त्याला छोट्या मालकांचा विरोध झाला, तेव्हा नगरपालिकेने मालकांशी करार करण्याचा मार्ग धरला : दुरुस्तीसाठी आर्थिक साहाय्य द्यायचे आणि त्याच्या बदल्यात भाड्यावर मर्यादा व राहत्या भाडेकरूंना संरक्षण घ्यायचे. ठरवले तेवढे सारे काम पुढे झाले नाही. तरीही इमारत आणि तिच्यातील माणसे यांचा विचार एकाच ठरावात करता येतो, हे त्या प्रयत्नाने दाखवून दिले. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पाइक प्लेस मार्केटचा बराचसा भाग पाडण्याची योजना १९७१ साली नागरिकांनी मतदानाने रोखली. तेथील वारसा आयोग इमारतींच्या बाह्यरूपाबरोबरच तेथे कोणता व्यवसाय चालावा यावरही निर्णय देतो, आणि त्या परिसरात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरेही राखली आहेत. आपल्या शहरातील प्रस्तावात भाडेकरूंविषयी एकही कलम नसेल, तर हरकती व सूचनांच्या मुदतीत तेवढी एक मागणी लेखी अवश्य नोंदवा.

प्रश्न : मालकाला स्वतःच्या जागेवर बांधकाम करण्यापासून रोखणे, तेही नुकसानभरपाई न देता, न्याय्य आहे का?

उत्तर : याचे कायदेशीर उत्तर देशागणिक बदलते. या विषयात सर्वांत जास्त उद्धृत होणारा निवाडा न्यूयॉर्कचा आहे. १९६३ साली तेथील पेन्सिल्व्हेनिया रेल्वे स्थानकाची भव्य इमारत पाडण्यास सुरुवात झाली आणि त्यातून उसळलेल्या जनक्षोभाने १९६५च्या जतन कायद्याला बळ दिले. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच कार्यालयीन मनोरा बांधण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनी न्यायालयात गेली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी शहराचा निर्णय कायम ठेवला. स्थानकाचा पूर्वीप्रमाणेच वापर करून मालकाला वाजवी उत्पन्न मिळवता येत होते, तसेच न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या भूखंडांवर वापरण्याची सोयही होती, या दोन्ही गोष्टी त्या निर्णयात महत्त्वाच्या ठरल्या.

मात्र रेल्वे कंपनी आणि वडिलोपार्जित घराचा मालक यांची ऐपत सारखी नसते. चुन्यातील दुरुस्ती, लाकडी तुळया बदलणे आणि कुशल कारागीर मिळवणे ही खर्चाची कामे आहेत. नुसता मनाई हुकूम हाती पडलेला मालक अनेकदा काहीच करत नाही. छत गळत राहते आणि काही पावसाळ्यांनी तीच इमारत धोकादायक ठरून पाडली जाते. त्यामुळे दर्जा देणाऱ्या ठरावाबरोबर अंदाजपत्रकात दुरुस्ती साहाय्याचे लेखाशीर्ष उघडले आहे का, आणि मालकाने टाळाटाळ केल्यास परिषद स्वतः दुरुस्ती करून खर्च वसूल करू शकते का, हे विचारणे आपला हक्क आहे.

प्रश्न : जुन्या वस्तीतील रस्ते, गटारे आणि जलवाहिन्यांचे काम मंजूर झाले आहे. त्याचा जतनाशी काही संबंध येतो का?

उत्तर : फार जवळचा येतो. रस्त्याचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकण्याची पद्धत चालू राहिली, की काही वर्षांत रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी दारातून आत शिरते. मग ओल धरलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला जातो. चुन्यात बांधलेल्या भिंतीतील ओलावा त्या गिलाव्यातून सहज बाहेर पडू शकत नाही, क्षार साठतात आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे इमारत जीर्ण झाल्याचा अहवाल पुढे येतो, तेव्हा त्याचे मूळ कधी कधी रस्त्याच्या कंत्राटात सापडते. गळक्या वाहिन्यांमुळे उथळ पायाखालची माती वाहून जाणे आणि पायाला लागून आधाराशिवाय चर खोदणे, हीदेखील तशीच कारणे आहेत.

मोठ्या कामांत तर संपूर्ण परिसराचाच दर्जा पणाला लागू शकतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील एल्बे नदीचे खोरे २००४ साली जागतिक वारसा यादीत आले. २००५ साली नागरिकांनी तेथे चौपदरी पुलाच्या बाजूने कौल दिला, बोगद्याचा पर्याय सुचवला गेला तरी पुलाचे काम पुढे गेले आणि २००९ साली ते स्थळ यादीतून वगळण्यात आले. नागरिकांना पूल हवा होता आणि तो मागण्याचा त्यांना अधिकार होता, याबद्दल माझे दुमत नाही. पण बोगद्याचा विचार अगदी आरंभीच, वारसा दर्जासाठी अर्ज करतानाच, व्हायला हवा होता.

आपल्या प्रकरणात पुढील माहिती लेखी मागावी : रस्त्याची अंतिम पातळी जोत्यापासून किती खाली राहील, खोदाईपूर्वी लगतच्या इमारतींच्या भेगांची छायाचित्रांसह नोंद होणार आहे का, आणि वारसा समितीचा अभिप्राय निविदेपूर्वी घेतला की नंतर. कार्यादेश निघण्यापूर्वीच ही पत्रे गेली पाहिजेत, कारण त्यानंतर पातळी बदलायची झाल्यास वाढीव खर्चाचा नवा प्रस्ताव सभेपुढे आणावा लागतो आणि तोपर्यंत काम बहुधा पूर्ण झालेले असते.