वाचकांचे प्रश्न : काम पूर्ण झाले, उपयोग झाला का?

प्रश्न : पंचायतीने आमच्या वाड्यावर उन्हाळ्यात गटार बांधले. काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला, बिलही फेडले गेले. तरी पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पूर्वीसारखेच अंगणात शिरले. ग्रामसभेत विचारले असता ‘कामाचे मूल्यमापन झालेले आहे’ असे सांगण्यात आले. हे मूल्यमापन कोण करते आणि ग्रामस्थांना त्यात काय करता येते? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर बहुधा मोजमापाविषयीचे आहे. अभियंता जागेवर गटाराची लांबी, रुंदी आणि खोली मोजतो, ते आकडे मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो आणि त्यांवरून ठरलेल्या दराने कंत्राटदाराचे बिल निघते. निधी ज्या कामासाठी आला त्यावरच तो खर्च झाला, एवढेच विनियोग प्रमाणपत्र सांगते. किती घनमीटर काँक्रीट पडले याचा हिशेब या कागदांत चोख सापडेल. पण गटाराचा उतार मोरीकडे आहे की उलटा, आणि ती मोरी एवढे पाणी घेऊ शकते की नाही, हे केवळ त्यांवरून कळणार नाही. आपले पाणी बहुधा इथेच अडले असावे.

देखरेख काम चालू असतानाच व्हायला हवी, कारण सळ्या एकदा काँक्रीटखाली गेल्या की त्या किती अंतरावर बांधल्या होत्या हे सांगणारे कोणी उरत नाही. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ मध्ये पंचायतीच्या कामांवर लक्ष ठेवण्यासाठी ग्रामसभेने पर्यवेक्षण समित्या नेमण्याची तरतूद आहे. इतिवृत्तात नावे लिहिली गेली म्हणजे समिती जागी झाली असे नव्हे. सदस्यांनी अंदाजपत्रकाची प्रत हातात घेऊन तळ घालण्याच्या दिवशी जागेवर हजर राहिले पाहिजे. माहिती अधिकार कायदा, २००५ ची व्याप्तीही अनेकांना वाटते त्याहून मोठी आहे. कागदपत्रांच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क तो देतो. अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावे लागते.

खरे मूल्यमापन मात्र निदान एक पावसाळा गेल्याशिवाय होत नाही, आणि त्याची तयारी काम सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. किती घरांत पाणी शिरत होते, पायरीच्या कितव्या थरापर्यंत चढत होते, ओसरायला किती वेळ लागत होता, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर नंतरची तुलना कशाशी करणार? गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो; पण सगळी वर्षे सारखी नसतात. ओढीच्या वर्षी निकामी गटारही यशस्वी ठरते, म्हणून गटार न झालेल्या शेजारच्या वाड्याची स्थितीही सोबत नोंदवावी. वरच्या बाजूचे शेत मध्यंतरी मातीने भरले गेले असेल, तर गटाराला दोष देण्याआधी तेही तपासावे. या नोंदी ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात घालून घ्याव्यात आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपण्यापूर्वी दुरुस्तीची लेखी मागणी करावी. हा काळ किती, ते करारनाम्यात पाहावे.

प्रश्न : पंचायतीची कामे आणि खर्च घरबसल्या पाहता येतात का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : होय. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा वार्षिक आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतील देयके पाहता येतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिली होती, म्हणून त्या वाट्यातून भलतेच काम दिसल्यास प्रश्न विचारावा. तेथील ‘पूर्ण’ हा शेराही कार्यालयातूनच भरलेला असतो. तेव्हा कामाचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि रक्कम टिपून घेऊन जागेवर जावे, आणि तेच काम दुसऱ्या निधीतूनही दाखवलेले नाही ना, हे सचिवांकडील कामांच्या नोंदवहीत पडताळावे.