चेन आहे म्हणून हार्वेस्टर कलंडत नाही?

प्रश्न : आमचं शेत डोंगरउतारावर आहे. कापणीला चेनचा, म्हणजे चाकांऐवजी रणगाड्यासारख्या रुंद साखळ्यांवर चालणारा हार्वेस्टर आणतो. ऑपरेटर छातीठोकपणे सांगतो, ‘चेन आहे, उलटायची भीती नाही.’ पण मशीन उताराला आडवं चालताना वरच्या बाजूची चेन हलकी झालेली मी पाहिली. त्याचं ऐकावं का?

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही पाहिलंत तेव्हा जवळजवळ सगळं वजन खालच्या चेनवर गेलं होतं.

चेनमुळे वजन मोठ्या जागेवर पसरतं, मशीन कमी रुततं. इथवर ऑपरेटर बरोबर. कलंडण्याचा हिशेब मात्र निराळा. गुरुत्वमध्य, म्हणजे मशीनचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, किती उंच आहे आणि खालच्या चेनची बाहेरची कड तिथून आडवी किती लांब आहे, एवढंच त्यात बघायचं. हिशेबापुरतं धरा, अंतर 80 सेंटीमीटर आणि उंची 100. मशीन साधारण 38 अंशांपर्यंत उभं राहील. धान्याची टाकी भरली आणि उंची 120 झाली, की 33 अंश. बऱ्याच मशीनची ही टाकी एका अंगाला असते. ती बाजू उताराच्या खालच्या अंगाला आली आणि गुरुत्वमध्य 15 सेंटीमीटर तिकडे सरकला, की उरले 28.

तुमचं शेत 12 अंशांचं असेल तर भरपूर वाव आहे असं वाटेल. पण ओल्या जागी खालची चेन 15 सेंटीमीटर दबली आणि त्याच वेळी वरची तेवढ्याच उंच दगडावर चढली, तर दोन चेनमधल्या सुमारे सव्वा मीटरच्या अंतरात आणखी 14-15 अंशांची भर पडते. झाले की 27! आता नुसता वळणाचा झटका पुरे. हे सगळे आकडे मशीन उभं असतानाचे आहेत, चालत्या मशीनचे नव्हेत.

म्हणून मशीनच्या पुस्तिकेत दिलेली उताराची मर्यादा पाळा, आणि ती अंशांत आहे की टक्क्यांत ते आधी बघा. 20 टक्के म्हणजे फक्त 11 अंश. एक मीटरच्या पट्टीचं वरचं टोक जमिनीला टेकवा आणि पट्टी उताराच्या दिशेने, पाणसळ लावून सपाट धरा. खालच्या टोकाशी जमीन 20 सेंटीमीटर खाली असेल, तर तो 20 टक्के उतार.

मशीनची लांबी रुंदीपेक्षा जास्त असते, म्हणून शक्य तिथे चढ-उताराच्या रेषेत कापणी करा. आडवं जावंच लागलं तर टाकीची बाजू वर ठेवा आणि टाकी अर्धी झाली की रिकामी करा. फेऱ्या वाढतात अशी कुरकुर होईल, होऊ द्या. धान्य सोडायचा पाइप उताराच्या खालच्या बाजूला फिरवायचा नाही. उतारावर जागच्या जागी वळण तर नकोच : खालच्या चेनपुढे मातीचा ढीग साचतो, चेन सैल असेल तर ती ज्यांवर फिरते त्या रोलरवरून उतरते, नाहीतर मशीन त्या ढिगाला अडून कलतं. बांध ओलांडताना तिरकं न जाता सरळ, हळू जायचं.

ऑपरेटरच्या डोक्यावर मजबूत सुरक्षा-चौकट असेल तर त्याला सीटचा पट्टा बांधायलाच लावा. कलंडताना उडी मारणारा माणूस बहुधा खालच्या अंगाला पडतो, आणि मशीनही तिकडेच येतं. चौकट नसलेलं मशीन मी अशा शेतात घेऊ देणार नाही.