जुन्या शेतीच्या गेम्समध्ये रोज तेच तेच करून लोकांना कंटाळा कसा येत नाही?

तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ महिनाभर रात्री एक-दीड वाजेपर्यंत कुठल्यातरी वीस-पंचवीस वर्षं जुन्या गेममध्ये चौकोनी टोमॅटोला पाणी घालत बसतो, गोळीबार नाही, शर्यत नाही, धड जिंकणं-हरणंही नाही, मग यात एवढं आहे तरी काय, आणि काळजी करायची का. काळजीचं शेवटी बघू. आधी सांगून टाकतो की मीही त्यातलाच आहे, त्यामुळे निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

माझी सुरुवात मामेभावाच्या प्लेस्टेशनवर झाली, 'हार्वेस्ट मून : बॅक टू नेचर'. हा गेम जपानमध्ये १९९९ ला आला आणि अमेरिकेत २००० ला. मला मुळात गाड्यांचा गेम खेळायचा होता पण ती सीडी चालेना म्हणून हा लावला. आजोबांची पडीक शेती तुमच्या गळ्यात पडते, सगळीकडे दगड, तण, झाडांचे बुंधे, आणि गावकऱ्यांनी दिलेली तीन वर्षांची मुदत, तेवढ्यात शेती उभी करून दाखवायची आणि गावाशी जमवून घ्यायचं. पहिल्या दिवशी मी कुदळ मारत सुटलो, सगळं रान एका दिवसात साफ करायचं म्हणून, आणि आमचा गडी दुपारीच लटपटायला लागला. या जुन्या गेम्समध्ये थकवा दाखवणारी पट्टी-बिट्टी काही नसते, माणूस घाम पुसतो, वाकतो, त्यावरून ओळखायचं की आता बस कर बाबा. हे मला तेव्हाही भारी वाटलं होतं आणि आजही वाटतं, आकडा न दाखवता दमणूक दाखवणं.

मग सलगमचं बियाणं आणलं. गेममधल्या पैशांत एक पिशवी १२० ला, ती तीन बाय तीन अशा नऊ चौकोनांवर पडते, रोज पाणी घातलं की चार-पाच दिवसांत नऊ सलगम, एकेक ६० ला जातो, म्हणजे १२० चे ५४०. हा हिशोब मला आजही पाठ आहे, शाळेतली सूत्रं विसरलो. यात गंमत अशी की हा व्यवहार कधीच फसवत नाही. पाणी घातलं की येतं. आज घातलं नाहीस तर एक दिवस उशिरा येईल, बास. दुसऱ्या कुठल्या कामात असं असतं सांगा, की आज जेवढं केलं तेवढं परवा डोळ्यांना दिसतं, कोणी मधे अडवत नाही, कोणी श्रेय घेत नाही, मीटिंग नाही. ज्यांनी खरी शेती केलीय ते या गणितावर पोट धरून हसतील हे मला मान्य आहे. इथे सलगमचा भाव वर्षानुवर्षं हलत नाही, कर्ज नाही, पेटीत माल टाकला की संध्याकाळी पाचला माणूस येऊन रोख मोजून घेऊन जातो. उन्हाळ्यात एखादं वादळ येऊन पीक झोपवतं, ते सोडलं तर निसर्ग अगदी शहाण्या मुलासारखा वागतो. तेव्हा शेतीचं सिम्युलेशन वगैरे म्हणतात ते नावापुरतं. शेती हा त्याचा वेष आहे, आत जे आहे ते दिवसाचं सिम्युलेशन आहे, असं माझं मत.

म्हणजे काय ते सांगतो. या सगळ्याचा मूळ पुरुष म्हणजे १९९६ ला जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवर आलेला 'बोकुजो मोनोगातारी', तोच पुढच्या वर्षी अमेरिकेत 'हार्वेस्ट मून' नावाने गेला. बनवणारा यासुहिरो वादा, हा माणूस मियाझाकीसारख्या ग्रामीण भागात वाढला आणि कामासाठी तोक्योत आला, आणि गाव सोडल्यावर गावाची किंमत कळते तसं काहीसं त्याचं झालं, म्हणून त्याला मारामारी नसलेला, गावचं रोजचं जगणं असलेला गेम करायचा होता. त्या पहिल्या गेममध्ये पिकं किती, तर वसंतात सलगम आणि बटाटा, उन्हाळ्यात टोमॅटो आणि मका. संपलं. जनावरांसाठी गवत लावायचं ते वेगळं. शरद आणि हिवाळ्यात रान रिकामं. आजच्या गेममध्ये चाळीस-पन्नास पिकं देतात तरी लोक म्हणतात कंटेंट कमी आहे, आणि इथे चार पिकांवर अडीच वर्षांचा खेळ, अडीच वर्षांनी आईवडील येतात आणि बघतात पोराने काय दिवे लावले ते.

आणि त्याचं घड्याळ. सकाळी सहाला दिवस सुरू होतो, वेळ भराभर पळते, दुकान बंद व्हायच्या आत बियाणं आणायचं, पाचच्या आत माल पेटीत टाकायचा, आणि संध्याकाळी सहा वाजले की घड्याळ चक्क थांबतं. अंधार पडतो आणि मग तुम्ही हवा तेवढा वेळ झारी घेऊन फिरा, जोपर्यंत अंगात दम आहे तोपर्यंत, रात्र सरत नाही. मी हा गेम बराच उशिरा खेळलो आणि हे कळल्यावर मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकून बसलो. दिवसभर धावपळ आणि मग एक न संपणारी संध्याकाळ, ज्यात फक्त उरलेलं काम आणि रातकिड्यांसारखी शांतता. हे मुद्दाम केलं होतं की मशीनच्या मर्यादेतून आलं यात मी पडत नाही, पण परिणाम जबरदस्त आहे. मी आधी खेळलेल्या प्लेस्टेशनच्या गेममध्ये (त्यातलं गाव म्हणजे मिनरल टाऊन) याच्या उलट, घराच्या आत गेलं की घड्याळ थांबतं, बाहेर आलं की परत सुरू. कुठे ना कुठे वेळ तुमच्यासाठी दाराशी उभी राहते.

आता याच्यासमोर २००९ चं फार्मव्हिल ठेवा, तुम्हीही खेळला असाल, तेव्हा फेसबुकवर सगळेच खेळायचे. तिथेही शेत, तिथेही बियाणं, पण वेळ खरी. सकाळी लावलेलं पीक संध्याकाळी तयार, आणि तुम्ही लग्नाला गेलात किंवा झोपलात तर ते वाळून जाणार. म्हणजे शेत तुम्हाला बोलावतं, वर मित्रांना त्रास द्यायला लावतं. जुन्या गेमचं शेत कन्सोल बंद केला की जिथे आहे तिथे थांबतं. परीक्षा आली, आजारी पडलात, तीन वर्षांनी कपाटातून काढलात, तरी गाय तिथेच उभी आणि तारीख तीच, उन्हाळा ११. (फार्मव्हिल तर ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंदच झालं, ज्या फ्लॅश सॉफ्टवेअरवर चालायचं त्याच्याबरोबर गेलं, सगळ्यांची शेतं गायब. १९९६ चा गेम अजून चालतो.) भाऊ रात्री जे करतोय ते मला वाटतं बरंचसं हेच आहे, दिवसभर सगळं जग त्याला बोलावतंय आणि रात्री एक जागा अशी आहे जी त्याची वाट बघते पण हाका मारत नाही.

तरी मग दीड का वाजतो, हा तुमचा रास्त प्रश्न. त्याचं कारण पलंग. यातल्या बऱ्याच गेम्समध्ये झोपलं की दिवस सेव्ह होतो. म्हणजे थांबायची जागा आणि नव्या सकाळची जागा एकच. झोपता तुम्ही सेव्ह करायला म्हणून, आणि सकाळ होते, कोंबडा आरवतो, ते उन्हाळ्याचं गाणं सुरू होतं आणि समोर दिसतं की मक्याला कणीस धरलंय. आता उठून जाणार कसे. स्टारड्यू व्हॅली या त्याच धाटणीच्या नव्या गेममध्ये तर त्यातली दहा मिनिटं सुमारे सात सेकंदांत जातात, सकाळी सहा ते रात्री दोन असा अख्खा दिवस चौदाएक मिनिटांचा. चौदा मिनिटं म्हणजे काहीच नाही ना, एक दिवस अजून. असे सात 'एक दिवस' झाले की तुमचा दीड वाजतो.

ग्राफिक्सबद्दल तुम्ही 'चौकोनी टोमॅटो' म्हणालात ते ठीक आहे पण जरा थांबून बघा. सुपर फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २२४ ठिपक्यांचं, हातात धरून खेळायच्या गेमबॉय ॲडव्हान्सचं २४० बाय १६०. एवढ्याशा जागेत बी, कोंब, रोप, तयार फळ हे चार टप्पे लांबून एका नजरेत कळले पाहिजेत, ओलं रान आणि कोरडं रान कळलं पाहिजे. ओल्या मातीचा तो गडद तपकिरी रंग, झारी फिरवली की चौकोन एकेक करून गडद होत जातात, त्यात जे समाधान आहे ते अंगण सारवणाऱ्याला किंवा इस्त्रीचा ढीग संपवणाऱ्याला कळेल. नव्या थ्रीडी गेममध्ये पान न् पान हलतं, उन्हाचे कवडसे पडतात, पण कुठला वाफा राहिला ते शोधत बसावं लागतं. आणि बाकीचं डोकं भरून काढतं. त्या बारा ठिपक्यांच्या गायीला मी नाव ठेवलं होतं, रोज ब्रश करायचो, बोलायचो (बोललं नाही तर ती रुसते, दूध कमी देते), आणि एकदा वैरण टाकायची विसरलो, आजारी पडली, औषध आणायला गेलो तर दुकान बंद, आणि गेली. मी तेव्हा तेरा वर्षांचा घोडा होतो आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, मामेभाऊ ते अजून लग्नकार्यात सगळ्यांना सांगतो.

त्याचाही हिशोब बाकी आहे खरंतर. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात पंधरा ब्लॉक, सगळे भरले की कुणाचं तरी काढावं लागायचं, आणि त्याने फुटबॉलची लीग सेव्ह करायला माझं दुसऱ्या वर्षाचं शरद ऋतूतलं शेत उडवलं. विचारलं तर म्हणाला तुझं काय, परत लाव की. आणि मी परत लावलं! हीच मजा आहे. चिडून सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला मोठं झालेलं शेत तेवढं आवडत नव्हतं, हे आवडतं, खिशात चार पैसे, नऊ चौकोन, एक कुत्रा.

हे मी नंतर खूप जणांकडून ऐकलं. पहिला वसंत सगळ्यात गोड. नंतर झारी मोठी होते, एका फटक्यात जास्त चौकोन भिजतात, गोठा वाढतो, पैसा येतो, स्टारड्यूमध्ये तर स्प्रिंकलर बसवले की पाणी आपोआप, आणि मग सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न पडतो. ज्या कटकटीपासून सुटायला आपण एवढे राबलो ती कटकटच गेम होती, असं कळतं, आणि लोक चुपचाप नवीन सेव्ह सुरू करतात.

स्टारड्यूचं नाव आलंच आहे तर, तो रेट्रो दिसतो पण २६ फेब्रुवारी २०१६ चा आहे. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं घालवून केला, चित्रं, संगीत, कोड, सगळं, कारण त्याला जुन्या हार्वेस्ट मूनसारखं काही नवं मिळत नव्हतं. २०२४ च्या अखेरीपर्यंत ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे तुमचा भाऊ एकटा वेडा नाही.

जुन्या गेम्सचं सगळंच छान होतं असंही नाही. इंग्रजी भाषांतर कुठे कुठे इतकं ओबडधोबड की समोरचा माणूस काय म्हणतोय ते अंदाजाने घ्यायचं. मुलगी म्हणून खेळायचं तर वेगळी आवृत्ती काढायचे, 'फ्रेंड्स ऑफ मिनरल टाऊन' मुलाचा, तर 'मोअर फ्रेंड्स' मुलीचा. काही गेम्समध्ये वाढलेल्या पिकातून चालता येत नाही, म्हणून नवशिक्याचा मधला चौकोन कोरडा राहतो, मग एक जागा मोकळी सोडून पेरायची युक्ती शिकावी लागते, आणि हे कोणी सांगत नाही. आणि १९९३ चा सिमफार्म कोणी याच यादीत घातला तर फसू नका, तो मॅनेजरचा खेळ आहे, कर्ज, फवारणी, बाजार, चांगला आहे पण त्यात कोंबडा आरवून उठायचं सुख नाही.

तुम्हाला स्वतःला करून बघायचं असेल तर नावाचा घोळ समजून घ्या, नाहीतर भलतंच विकत घ्याल. मूळ जपानी मालिका २०१५ पासून बाहेरच्या देशांत 'स्टोरी ऑफ सीझन्स' नावाने येते, कारण 'हार्वेस्ट मून' हे नाव अमेरिकेतल्या जुन्या प्रकाशकाकडे राहिलं आणि तो त्याच नावाने स्वतःचे वेगळे गेम काढतो. म्हणजे आज दुकानात हार्वेस्ट मून दिसला तरी तो त्या घराण्यातला नव्हे. 'फ्रेंड्स ऑफ मिनरल टाऊन'ची नवी आवृत्ती निन्टेन्डो स्विचवर जपानमध्ये २०१९ ला आणि बाहेर २०२० ला आली, ती सोपी आहे, तिथून सुरू करा. पहिलं वर्ष इंटरनेटवर काही शोधू नका, कुठलं पीक फायद्याचं याचा तक्ता उघडला की त्याच क्षणी तो ऑफिसचा एक्सेल होतो.

राहिली काळजी. तो सकाळी उठतोय, खातोय, कामाला जातोय ना? मग त्याला एवढंच विचारा की कुठला ऋतू चालू आहे. पहिल्या वर्षाचा वसंत म्हणाला तर दोन आठवडे त्याच्या नादी लागू नका, काही उपयोग नाही. तिसरं वर्ष, स्प्रिंकलर लावलेत म्हणाला तर या रविवारपर्यंत आपोआप सुटेल. पण त्यानंतरच्या सोमवारी परत टोमॅटो दिसले तर समजा नवीन सेव्ह सुरू केलाय.