संगणकीय हिशेब अहवालांमुळे सहकारी बँकेतले निर्णय खरंच बदलतात का?

बदलतात, पण मुख्यतः वेळेच्या बाबतीत. चोपड्यांच्या काळात थकबाकीचं खरं चित्र बरेचदा मार्चअखेर ताळेबंद जुळवतानाच दिसायचं. आता कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या शाखा जोडणाऱ्या एकाच संगणक प्रणालीत, कोणतं कर्ज किती दिवस थकलंय याची यादी रोज निघते. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं आणि त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते, म्हणजे संभाव्य तोट्यापोटी रक्कम बाजूला काढावी लागते. म्हणून ६० दिवस ओलांडलेल्यांची यादी मला सगळ्यात कामाची वाटते. तेव्हा कर्जदाराला बोलावून बसता येतं. नंतर उरते ती नोटीस आणि वसुली दाखला. ठेवींवरचा व्याजदर ठरवतानाही कर्ज-ठेवी प्रमाण, म्हणजे ठेवींच्या तुलनेत किती कर्ज दिलंय ते, समोर असेल, तर ‘शेजारची बँक जास्त देते’ एवढ्यावर ठराव होत नाही.

मात्र अहवाल छापील आणि देखणा आहे म्हणून तो खरा मानू नका. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. तिथे संगणक होतेच. तरी एचडीआयएल या बांधकाम समूहाची थकीत कर्जं झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवल्याचं पोलीस तक्रारीत नमूद झालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

तुम्ही संचालक असाल तर बैठकीत नुसती बेरीज पाहू नका. मोठ्या वीस कर्जदारांची खातेनिहाय यादी मागा, आणि जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज दिलंय का, ते थेट विचारा.