दगडाआधी कागद

चि. हिस सप्रेम आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या ब्रॉडस्टोनहून पाठवलेले फोटो पाहिले. आल्फ्रेड रसेल वॉलेस, म्हणजे डार्विनच्याच काळात नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडणारा निसर्ग अभ्यासक, त्याच्या थडग्यावर उभं आहे ते खरोखरच झाडाचं खोड, फक्त दगड झालेलं. इंग्लंडमधल्याच पोर्टलंडचं, सुमारे सात फुटी. १९१३ मध्ये म्हातारा गेला तेव्हा त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, मोठ्यांच्या मानाच्या दफनस्थळी, पुरावं अशी सूचना पुढे आली होती. घरच्यांनी त्याच्या इच्छेप्रमाणे ब्रॉडस्टोनलाच पुरलं. मला ॲबीपेक्षा हे खोड आवडतं.

आता तुझा बेत. विस्मरणात गेलेल्या निसर्ग अभ्यासकाच्या थडग्यासाठी वर्गणी काढतेस, उत्तम. पण पहिला पैसा दगडावर घालू नकोस. दफनभूमीच्या कार्यालयात जा आणि नोंदवही उघडायला लाव. जागा कुणाच्या नावावर? भाडेपट्टा कधी संपतो? वारस कुठे आहेत? तिकडे थडग्याची जागा बहुधा मुदतीवर मिळते. वॉलेसच्या नावाने १९९९ मध्ये निधी उभा राहिला. त्या मंडळींनी डागडुजी तर केलीच, पण पट्टाही वाढवून घेतला. हे दुसरं काम फोटोत येत नाही, म्हणून त्याचं कौतुकही होत नाही.

दगडाला तारेचा ब्रश लावायचा नाही. ॲसिड तर नाहीच नाही. आमच्याकडे एका जुन्या समाधीला उत्साही मंडळींनी चंदेरी ऑइल पेंट फासला होता; तो खरवडताना अक्षरांच्या कडा माझ्याच बोटांखाली भुगा होऊन पडल्या. साधं पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ, बस्स. कोपऱ्यात दगडफूल धरलं असेल तर राहू दे. आत झोपलेला माणूस तक्रार करणार नाही.

घराचं मात्र अवघड असतं. वॉलेसने शेवटचा श्वास घेतला ते ‘ओल्ड ऑर्चर्ड’ हे घर पुढे पाडलं गेलं. एसेक्समधल्या ग्रेज गावातलं त्याचं आधीचं घर ‘द डेल’ अजून उभं आहे. ते त्याने १८७२ मध्ये स्वतः बांधून घेतलं, तेही काँक्रीटचं, त्या काळात! आणि चार वर्षांत सोडलंही. तुमच्या माणसाचं घर शिल्लक असेल तर लगेच संग्रहालयाचा हट्ट धरू नकोस. राहत्या घराचं छप्पर गळलं तर राहणाराच आधी ओरडतो; कुलूपबंद संग्रहालयात ओरडायला कोण असतं? मालकाशी ओळख वाढव, भिंतीवर एक फलक मागून बघ.

नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठव. पट्ट्याची तारीख नीट वाचता येईल असा.